सीरियातून परतलेली मुलं: आधी धर्माचे धडे, मानसोपचार की आजीचं घर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहात आणि सीरियातल्या अल-होलसारख्या छावण्यांतून मायदेशी आणलेल्या बायका-मुलांवर प्रबंध लिहिताय. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: आधी धर्मगुरूंचं समुपदेशन ठेवावं की मानसोपचार, मुलं आजी-आजोबांकडे द्यावीत की संस्थेत, आणि या सगळ्याला किती महिने लागतात.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: दोन्ही नाही, निदान आधी तरी नाही. आधी शरीर, झोप, कागदपत्रं आणि रोज त्याच वेळी दिसणारा एक मोठा माणूस. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी ठरतं. का, ते सांगतो.

मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बाघूझ हे गाव पडलं आणि आयसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातली शेवटची जमीन गेली. तिथून निघालेला लोंढा हसाका प्रांतातल्या अल-होलमध्ये कोंबला गेला. छावणीत तेव्हा ७० हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त बायका आणि मुलं. यांना सरसकट 'दहशतवाद्यांची कुटुंबं' म्हटलं की कामच थांबतं. कारण एकाच तंबूत चार निरनिराळ्या केसेस असू शकतात: स्वतःहून, उत्साहाने गेलेली बाई, 'तुर्कस्तानात नोकरी लागली' असं सांगून नवऱ्याने नेलेली बाई, तिथेच चौदाव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, आणि तिथेच जन्मलेलं, 'आपला देश' कधीही न पाहिलेलं मूल. या चौघांना एकच अभ्यासक्रम लावणारी योजना कागदावर छान दिसते, पण ती चालत नाही.

तेव्हा 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे टाळाटाळीचं वाक्य नाही. मूल किती वर्षांचं आहे, तिथे किती काळ होतं, वडील मेले आहेत, तुरुंगात आहेत की बेपत्ता, आईवर खटला चालणार का, आणि इकडे आजीचं घर आहे का, या पाच उत्तरांशिवाय मी कुठल्याच कुटुंबाचा आराखडा लिहीत नाही.

देशांनी काय केलं ते पाहा. कझाकस्तानने जानेवारी २०१९ मध्ये 'झुसान' मोहीम सुरू केली. पहिल्या विमानात ४७ जण होते, त्यांत ३० मुलं. पुढच्या फेऱ्या मिळून आकडा सहाशेच्या वर गेला. पुरुषांना अटक होऊन खटले चालले, काही बायकांवरही चालले. बाकीच्या बायका-मुलांना कॅस्पियन समुद्राकाठच्या अक्ताऊमधल्या केंद्रात साधारण महिनाभर ठेवलं आणि मग त्यांच्या त्यांच्या प्रांतात पाठवलं. कोसोवोने २० एप्रिल २०१९ रोजी एकाच दिवशी ११० जण आणले: ७४ मुलं, ३२ बायका, ४ पुरुष. बायका-मुलांना पहिले ७२ तास तपासणीसाठी ठेवून घरी सोडलं; बायका घरीच नजरकैदेत राहिल्या आणि पुढे बहुतेकींना स्थगित शिक्षा झाल्या. फ्रान्सचा मार्ग वेगळा. तिथे विमान उतरताच मुलं आईपासून वेगळी होतात, बालसंरक्षण विभागाकडे जातात, बहुधा पालक कुटुंबात राहतात, आणि रुग्णालयात त्यांची सविस्तर शारीरिक-मानसिक तपासणी होते. आईचं काय करायचं ते न्यायाधीश ठरवतो.

माझं मत विचाराल तर मूल आईसोबत किंवा आजीसोबत ठेवणारा कझाक-कोसोवो मार्ग बहुतेक मुलांसाठी बरा. छावणीत त्या मुलाकडे आई सोडून काहीच नव्हतं. ती विमानतळावरच काढून घेतली तर ते नव्या देशाबद्दल पहिला धडा काय शिकेल? पण आईच मुलाला मारत असेल, शाळेत जाऊ देणार नसेल किंवा पुन्हा निघून जायच्या तयारीत असेल, तर वेगळं करावं लागतं. आई तुरुंगात जाणार असेल तर निदान पहिल्या आठवड्यात फोन किंवा भेट ठरलेली हवी, आणि तारीख मुलाला आधी सांगितलेली हवी. ठरलेली भेट ऐन वेळी रद्द होणं हे न ठरवण्यापेक्षा वाईट.

आता पहिला महिना. वजन-उंची घेताना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायचा, ११.५ सेंमीच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. अशा मुलाला प्रेमापोटी भरभरून खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचा. लसीकरणाचा कागद नसेल तर लस झालेली नाही असं धरून सगळं पुन्हा सुरू करायचं. पोलिओला इथे फाटा देऊ नका: २०१७ मध्ये सीरियाच्या देर-एझ-झोर भागात लसजन्य पोलिओच्या (लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू पसरत, बदलत जाऊन होणाऱ्या पोलिओच्या) साथीत ७४ मुलं पांगळी झाली होती. क्षयरोग, हिमोग्लोबिन, दात, जंत हे तर आहेच. चेहऱ्यावर किंवा हातावर न दुखणारी, कडेला उंच झालेली जुनाट जखम दिसली तर ती बहुधा लेशमॅनियासिस. ती वाळूमाशी चावल्याने होते, स्पर्शाने पसरत नाही. ही एक ओळ शाळेला लेखी दिली नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात इतर पालक मुलाला वर्गाबाहेर बसवायला लावतात.

दोन तपासण्या हमखास विसरल्या जातात. एक, कान. स्फोटांनी किंवा कान वाहून ऐकू कमी येणारं मूल 'हट्टी, ऐकत नाही, उत्तर देत नाही' या शेऱ्यासह मानसोपचाराच्या रांगेत उभं केलं जातं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाल्याशिवाय वर्तनाबद्दल एक शब्दही फाइलमध्ये लिहू नये, असं माझं म्हणणं आहे. दुसरं, अंगातले धातूचे तुकडे. आधी एक्स-रे, मगच गरज असेल तर एमआरआय. एमआरआयचं चुंबक तुकडा हलवू शकतं, म्हणून हा क्रम चुकवून चालत नाही.

झोपेचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. पहिल्या आठवड्यांत दिवा चालू ठेवून झोपू द्या, भावंडांना एकत्र झोपू द्या, अंथरूण ओलं झालं तर न बोलता बदला. पोळीचे, पावाचे तुकडे उशीखाली सापडतात. ते फेकायचे नाहीत. मुलाला झाकणाचा डबा द्यायचा, 'हा तुझा' म्हणून सांगायचं आणि त्यातलं शिळं रोज सकाळी त्याच्यासमोर बदलायचं. काही आठवड्यांत साठा आपोआप कमी होतो. विमानाचा आवाज आणि फटाके हे मोठे शत्रू. ३१ डिसेंबरच्या रात्री कझाकस्तानातल्या अल्माटीत काय किंवा कोसोवोतल्या प्रिस्टिनात काय, आकाश फुटतं. दुपारीच सांगून ठेवलं आणि खिडकीपासून दूर खोली दिली तर रात्र निभावते. नाही सांगितलं तर महिनाभराची कमाई जाते.

कागदपत्रं हे कंटाळवाणं पण निर्णायक प्रकरण. आयसिसने दिलेला जन्मदाखला कुठलंच सरकार मानत नाही. बापाचा पत्ता नाही, निकाह कुठे नोंदलेला नाही, आईची दोन-तीन लग्नं झालेली, भावंडांचे बाप वेगळे. मग डीएनए तपासणी, आजी-आजोबांचे नमुने, न्यायालयाचा आदेश आणि शेवटी जन्मनोंद. हे होईपर्यंत शाळाप्रवेश, लस, भत्ता सगळं अडतं. इराकमध्ये तर गाठ आणखी घट्ट आहे. मुलाच्या नोंदीसाठी आईबापांची कागदपत्रं लागतात, आणि आईला सुरक्षा मंजुरी मिळवायची तर अनेकदा नवऱ्याविरुद्ध लेखी तक्रार देऊन त्याच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर करावं लागतं. ती सही केली की सासरचे दुरावतात, नाही केली की मूल नोंदीविना राहतं. अशा वेळी बाईला 'मन मोकळं करा' म्हणणारा समुपदेशक नको असतो, वकील हवा असतो. वय ठरवायला हाडांचा एक्स-रे काढतात, पण त्यात दोन वर्षांची चूक सहज होते. १२ की १४ यावर शाळा आणि कायदा दोन्ही अवलंबून असतील तर संशयाचा फायदा मुलालाच द्यावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आजीचं घर की संस्था. शक्य तिथे आजी. पण आजी म्हणजे आयती उपाययोजना नव्हे. ज्या जावयाने आपल्या लेकीला तिकडे नेलं त्याचंच पोर सांभाळायचं, या रागात ती असू शकते. आईकडची आजी आणि बापाकडची आजी यांच्यात ओढाताण असते. घरभेटीत मी चार गोष्टी पाहतो: घरात आणखी कोण राहतं, त्यांच्यातल्या कुणी या कुटुंबाला तिकडे जायला मदत केली होती का, मुलाला झोपायला स्वतःची जागा आहे का, आणि आजी मुलाला बापाबद्दल काय सांगणार आहे. चौथ्यावर बहुतेक घरं अडखळतात. 'बाबा कामासाठी परदेशी आहेत' हे कधीही सांगू नये. शेजारचं पोर पंधरा दिवसांत खरं सांगून टाकतं आणि मग मूल आजीवरही विश्वास ठेवत नाही. वयाला झेपेल असं छोटं, खरं वाक्य घरातल्या सगळ्यांनी एकसारखं बोलायचं: 'बाबा तिथल्या लढाईत वारले. त्यांनी काही चुकीची कामं केली होती. त्यात तुझा काही दोष नाही.' पहिले तीन महिने दर आठवड्याला घरभेट, पुढे पंधरवड्याला. आणि आजीला दरमहा भत्ता, वेळेवर. चार नातवंडं घरी आली की पेन्शन आठ दिवसांत संपते.

मोठ्या बहिणीकडेही लक्ष द्या. १३-१४ वर्षांची मुलगी छावणीत चार भावंडांची आई बनलेली असते. ते काम एका दिवसात काढून घेतलं तर ती सैरभैर होते. हळूहळू, एकेक जबाबदारी आजीकडे सरकवायची. मुलग्यांचं वेगळंच. छावण्यांतून १२ वर्षांच्या आसपासच्या परदेशी मुलांना आईपासून तोडून वेगळ्या केंद्रांत नेलं जात होतं. त्या वयाची मुलं परततात तेव्हा त्यांना मूल म्हणून वागवायचं की संशयित म्हणून, यावर सगळे गोंधळतात. सशस्त्र गटांशी जोडल्या गेलेल्या मुलांना प्रथम पीडित मानावं, ही २००७ च्या पॅरिस तत्त्वांची भूमिका. तिथूनच सुरुवात करावी.

शाळेचा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण पुनर्वसन प्रत्यक्षात तिथेच घडतं. दहा वर्षांचं, अक्षरओळख नसलेलं मूल पहिलीत सहा वर्षांच्या मुलांसोबत बसवलं तर ते लाजेने शाळा सोडतं. सकाळी भाषा-गणितासाठी वेगळा शिक्षक आणि खेळ, चित्रकला, जेवणाची सुट्टी मात्र समवयस्कांसोबत, अशी व्यवस्था तीन ते सहा महिने करावी. घरी अरबी मिसळलेली भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेची भाषा लागायलाही तेवढा वेळ जातोच. माहिती फक्त मुख्याध्यापक आणि एका वर्गशिक्षिकेला द्यायची, एका पानात: दाराजवळची जागा द्या, घंटा मोठी असेल तर आधी सांगा, अग्निशमन सरावाच्या दिवशी कळवा, अडचण आली तर या नंबरवर फोन करा. बस्स. पूर्ण इतिहास कुणालाही नाही.

एक उदाहरण पाहा. चित्रकलेच्या तासाला मूल माणसाचा चेहरा काढायला नकार देतं, किंवा पुस्तकातल्या चित्रांचे डोळे खोडतं. शिक्षिका घाबरते आणि पोलिसांना कळवावं असं म्हणते. खरं तर आयसिसच्या राज्यात सजीवांची चित्रं निषिद्धच होती. मूल शिकवलेलं पाळतंय. त्याला नक्षी, नकाशा, यंत्र, घर काढायला द्या. संगीताच्या तासाला कानांवर हात ठेवतं तर ग्रंथालयात बसू द्या. आग्रह न धरता वर्गातली मुलं मजा करताना दिसली की बहुतेक मुलं आपणहून सरकतात. काळजीच्या खुणा वेगळ्या आहेत: इतर मुलांना 'काफिर' म्हणून मारणं किंवा धमकावणं, प्राण्यांना ठरवून इजा करणं, लहानांना गुपचूप गोळा करणं, शाळेला सतत दांड्या. यांची नोंद होऊन तातडीची बैठक झालीच पाहिजे. मैदानात लढाई-लढाई खेळणं यात मोडत नाही. ते तर सगळ्याच शाळांत चालतं.

मानसोपचार मग कधी? झोप, जेवण आणि दिनक्रम बसल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, आणि सगळ्यांना नाही. मुलांच्या भावना आणि वर्तनातल्या अडचणी तपासणारी २५ प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली पालक आणि शिक्षक दोघांकडून भरून घ्या आणि तीन महिन्यांनी परत भरा. बऱ्याच मुलांचे गुण शाळा-घर बसल्यावर आपोआप सुधारतात. जी अडकून राहतात त्यांना आघातकेंद्री वर्तनोपचार (भयंकर अनुभवांच्या परिणामांवर काम करणारा मानसोपचार), साधारण १२ ते १६ सत्रं, आजी किंवा आईला सोबत घेऊन. पहिल्याच आठवड्यात 'काय पाहिलंस ते सांग' म्हणणं हा अघोरीपणा आहे. दुभाषा नात्यातला किंवा त्याच गावातला नको, आणि आईसाठी मुलाने दुभाष्याचं काम करायचं नाही, कधीही. बायकांच्या दुःखाचा एक पेच लक्षात ठेवा: नवरा किंवा मोठा मुलगा बेपत्ता असेल तर ती शोकही करू शकत नाही आणि पुढेही जाऊ शकत नाही. तिच्या नैराश्यावर फक्त गोळ्या देऊन भागत नाही. शोध घेण्याचा अधिकृत अर्ज भरून दिला तरी फरक पडतो.

धर्मगुरू यानंतर. मध्य आशियात सरकारांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना कामाला लावलं. त्यांचा उपयोग नक्की आहे, पण बाई स्वतः प्रश्न विचारायला लागल्यावर. वर्गात बसवून धडे दिले की चार आठवड्यांत ती सगळी बरोबर उत्तरं पाठ करते. त्या पोपटपंचीला आपण यश समजतो. शक्यतो अभ्यासक बाईच असावी, स्थानिक हनफी परंपरेतली (मध्य आशियात रुजलेला सुन्नी इस्लामचा एक पंथ), आणि बोलणं इतरांना धर्मबाह्य ठरवण्याच्या एका मुद्द्यापुरतं धरावं. बुरखा काढला का, हे मोजमाप नव्हे. मुलीला शाळेत पाठवते का, लस देऊ देते का, नमाज न पढणाऱ्या भावाच्या घरी जेवते का, हे मोजमाप.

पोलिसांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण बहुतेक कार्यक्रम इथे फसतात. केस वर्कर, म्हणजे कुटुंबाचं काम पाहणारा समाजकार्यकर्ता, पोलिसांचा खबऱ्या आहे असं एकदा कुटुंबाला वाटलं की तो कुटुंबापर्यंत पोचणं संपलं. म्हणून पहिल्याच भेटीत लेखी सांगायचं: हिंसेची योजना, पुन्हा निघून जाण्याची तयारी, मुलाला इजा, या तीन गोष्टी मी कळवणार; बाकी माझ्याकडे राहील. दोन फाइली, दोन कपाटं. पोलिसांकडून एकच ठरलेला अधिकारी, साध्या वेषात, शाळेत पाय न ठेवणारा. महिन्यातून एकदा शिक्षण, आरोग्य, पोलीस, स्थानिक प्रशासन यांची एकत्र बैठक. आणि मुलाची जबानी प्रशिक्षित व्यक्तीने एकदाच घेऊन रेकॉर्ड करावी. गुप्तचर, समाजकल्याण, वकील, वर पत्रकार, प्रत्येकाने वेगळी विचारपूस केली तर मूल तीच कथा पाचव्यांदा सांगताना ती बदलत जातं आणि मग सगळे म्हणतात, खोटं बोलतंय.

उपजीविकेचं थोडक्यात. प्रत्येक योजनेत शिलाई मशीन वाटतात. एका गावात वीस मशीन आली की शिलाईचा दर पडतो आणि मशीन सहा महिन्यांत विकली जाते. आधी बाजारात काय विकलं जातं ते पाहा. आणि मदत फक्त परतलेल्या घराला देऊ नका. 'दहशतवाद्यांना बक्षीस आणि आम्ही तसेच' ही शेजाऱ्यांची कुजबुज खरी असते. त्याच शाळेत सगळ्यांसाठी एक जादा शिक्षक किंवा दवाखान्यात एक नर्स दिली तर ती बरीच शमते.

तुम्ही महाराष्ट्राचा संदर्भ विचारला नाहीत, पण मार्गदर्शक नक्की विचारतील. २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण इराकला गेल्याच्या बातमीने खळबळ उडाली होती, पण सीरिया-इराकमधल्या छावण्यांतून कुटुंबं सामूहिकरीत्या परत आणण्याचा अनुभव आपल्याकडे नाही. तुलनाच हवी तर गडचिरोलीतली नक्षलवाद्यांसाठीची आत्मसमर्पण योजना घ्या, पण फरक सांगून: तिथे येणारा प्रौढ स्वतःच्या निर्णयाने येतो, भाषा आणि मुलूख त्याचाच असतो. इथे मूल स्वतः काही न ठरवता परक्या देशात उतरतं. सारखेपण आहे ते कागदांच्या अडवणुकीत आणि गाव स्वीकारेल की नाही या धास्तीत.

शेवटी महिने. सरकारी कागदावर बहुतेकदा सहा किंवा बारा असतात. मी आराखडा तीन वर्षांचा मांडतो. पहिले तीन महिने सगळं सुरळीत दिसतं, मूल आज्ञाधारक असतं, आई आभार मानत असते. चौथ्या ते आठव्या महिन्यात, नेमका पाहुण्यांचा आणि निधीचा ओघ आटल्यावर, बिघडतं: शाळेला दांड्या, आईचं अंथरुणातून न उठणं, सासर-माहेरची भांडणं. त्या काळासाठी भेटी आणि पैसे राखून ठेवा. एका केस वर्करकडे दहा-बारापेक्षा जास्त कुटुंबं असतील तर हे जमत नाही. फाइल बंद करायला मला इतकं पुरतं: सलग दोन शालेय सत्रं शाळेतली हजेरी नियमित, कागदपत्रं पूर्ण, घरात उत्पन्नाचा एक स्थिर मार्ग, आणि कुटुंबाचा आमच्याबाहेरचा एक तरी माणूस, शिक्षिका असो वा शेजारीण, जिला ते अडीअडचणीला स्वतःहून फोन करतात. फाइल बंद केली तरी नंबर चालू ठेवायचा. बापाची तुरुंगातून सुटका, मुलीचं लग्न आणि मुलग्याचं अठरावं वर्ष या तीन वेळी कुटुंबं परत येतात. त्या तारखा आधीच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.